लेबलाचा गोंद

"आमचा उद्योग अजून तान्हा आहे, बाहेरच्या पंख्यांवर कर वाढवा," असं माझे थोरले दीर केस पांढरे होईपर्यंत सरकारदरबारी रडत राहिले. कर वाढला. त्या आडोशाला मोटर सुधारायची सोडून भाऊजींनी बंगला बांधला. आमचा पंखा वारा कमी द्यायचा आणि खडखडाट जास्त. तरी लोक मुकाट्याने घ्यायचे, कारण दुसरा परवडायचाच नाही.

मग कर उठला आणि ते मिशा फुटलेलं तान्हं बाळ वर्षाच्या आत आडवं झालं. भाऊजींनी मोटरीचं खातं बंद करून परदेशी पंखे मागवले. पूर्वी मोटरीला तार गुंडाळणाऱ्या आम्ही बायका आता त्यांवरचं नाव खरवडतो आणि आमचं लेबल चिकटवतो. कारखान्यात आता बनतो तो फक्त लेबलाचा गोंद, तोही काटकसरीने पाणी घातलेला.

परवा भाऊजींना स्पर्धेत टिकल्याबद्दल पुरस्कार मिळाला. "टिकायचं तर दर्जा हवा," असं ते व्यासपीठावरून आम्हालाच सुनावत होते. शेजारी आमचा पंखा गरगरत होता. त्याचं लेबल सुटलं आणि उडून थेट त्यांच्या तोंडावर बसलं.

खाली उतरताच ते माझ्यावर खेकसले, "एवढंसं लेबल नीट चिकटवता येत नाही?"

"आता गोंदही बाहेरूनच मागवा," मी म्हटलं.