फुकटचा आलेख आणि माझा संशय

गेल्या मंगळवारी घरात दोन वस्तू आल्या. एक वर्षाला चाळीस हजारांची, दुसरी फुकट... आणि दोन्ही हातात धरता येत नाहीत!

सून मेघना अमरावतीत घरूनच सॉफ्टवेअरची कामं करते. अकोल्याच्या एका शेतकरी कंपनीला मोबाइलवर कापूस-तुरीच्या भावाचे आलेख हवे होते. आलेख काढून देणारी साधनं तयार मिळतात म्हणे. विकतचं महिनाभराच्या ट्रायलवर घेतलं होतं, आणि दुसरं ओपन सोर्स... म्हणजे कुणीही घ्या, आतलं वाचा, बदला, वापरा.

तिचं पहिलंच स्वतंत्र काम. शुक्रवारी अकोल्याला दाखवायचं, पसंत पडलं तरच मिळणार. आणि ही फुकटच्याच मागे! इकडे फुकट बियाणं वाटणारेही येऊन गेलेत... पुढे काय उगवलं ते न बोललेलं बरं.

मी विचारलंच, "काहून वं, कोन देते असं फुकट? त्याच्या पोटात काय हाय, पाह्यलं का तू?"

"पोट उघडंच हाय त्याचं, आई. सारं वाचता येते."

"मले येते का वाचता? मंग!"

बुधवारी घोटाळा झालाच. आलेखावर मराठी नावं तुटायला लागली... 'तूर'मधला त एकीकडे, उकार भलतीकडे. विकतच्यातही तेच! मेघनानं दोन्हीकडे कळवलं. विकतवाल्यांचं उत्तर आलं, तक्रार नोंदवली आहे. मग सामसूम.

फुकटवाल्यांकडून कुणा अनोळखी माणसानं लिहिलं, चूक आमचीच, कुठे आहे ते दाखवतो, तुम्ही दुरुस्त करता का?

"पाह्य! आता तुह्याकडूनच काम करून घेऊन राह्यला तो."

मेघना हसली. "आई, मंदिराच्या भंडाऱ्यात तुमी जेवता ना? मंग पंगत वाढाले काहून उठता?"

मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला...

गुरुवारी तिची दुरुस्ती तिकडे मंजूर झाली. शुक्रवारी कंपनीच्या एका म्हाताऱ्या सभासदानं फोनवर बोट ठेवून 'तूर' वाचलं. म्हणाले, "अक्षर बरोबर हाय पोरी, पन भाव कमी दाखवते तुहा फोन!" बाजारातच भाव तेवढा होता, त्याला फोन काय करणार... काम मात्र मेघनालाच मिळालं. देवाची कृपा.

तरी त्या फुकटच्या साधनाच्या परवान्याचा कागद मी तिच्याकडून शेवटपर्यंत वाचून घेतला. ज्यांच्या फोनवर मराठी नावं अजून तुटकी दिसतात, त्यांनी कुठला शब्द तुटतो ते उलट टपाली कळवावं. ती बसलीच आहे दुरुस्त करायला.