अप्पांच्या ग्लासाच्या तळाशी

विश्वनाथअप्पा गेल्याचं मला चहाच्या टपरीवर कळलं. कुणीतरी म्हणालं, "तेच ना, बिनकागदाचं विमान पाळणारे?" मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याला आता महिना होऊन गेला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही... म्हणून हे लिहितो.

कागद होते. सगळे होते. उदगीरच्या या व्यापाऱ्यानं एका इंजिनाचं जुनं विमान विकत घेतलं, रीतसर शिकून परवाना काढला आणि विमान नांदेडच्या धावपट्टीवर ठेवलं. तिथं मी देखरेखीला होतो, सरकारी नोकर. नोंदणी दिल्लीची, तिची इंग्रजी अक्षरं पंखावर ठळक रंगवलेली. हैदराबादहून इंजिनिअर येऊन नट न् नट तपासायचा, तेव्हाच उड्डाणाचा दाखला पुढं चालायचा. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा एका पुढाऱ्यानं बजावलं, "अप्पा, ट्रकासारखा ह्याला बी आता नवा नंबर घ्या." अप्पा सगळ्यांसमोर हसले. "मालक, आभाळात जिल्हे न्हाईत." ते हसणं पुढाऱ्याच्या मनात राहिलं.

अप्पांची एक सवय होती. उडण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल साध्या काचेच्या ग्लासात काढायचं आणि उन्हासमोर धरायचं. पेट्रोलात पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि इंजिनात गेलं तर इंजिन हवेतच बंद पडतं. ती दुष्काळाची वर्षं होती. सगळा मुलूख पाण्यासाठी वणवण करत होता, आणि हा माणूस पाणी नसल्याची खात्री करत उभा असायचा.

नव्या जिल्ह्याच्या समारंभात विमानातून फुलं टाकायचं ठरलं. सकाळी मागच्या सीटवर झेंडूच्या टोपल्या ठेवल्या. अप्पांनी ग्लास धरला. तळाशी बिनरंगाचा टपोरा थेंब. पुन्हा काढलं, पुन्हा तेच.

"उडायचं न्हाई."

"अवो, लातुरात लोक वर बघून राहिलेत!" पुढाऱ्याचा माणूस ओरडला.

"बघू दे. मी पडताना दिसण्यापरीस कोरं आभाळ दिसलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यानं उठवलं की विमानाला कागदच नव्हते, म्हणून अडवलं. खरं कारण मला ठाऊक होतं. तेव्हा नांदेडात कुणी ड्रम रिकामा ठेवत नव्हतं. पेट्रोलाचा एक ड्रम मी घरी नेला होता. विष्णुपुरीहून, गोदावरीच्या काठावरून, धुण्याभांड्याचं पाणी त्यातच आणायचो. पेट्रोल भरून आणायला ड्रम परत द्यायची वेळ आली तेव्हा नुसता पालथा केला, वाळवला नाही. अप्पांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गोदावरीचं दिसतंय... गोड असंल." बस, एवढंच. माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही. घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी मात्र त्यांचं नाव जाऊ दिलं.

पुढं त्यांनी विमान विकलं, तर लोकांनी त्यातच पुरावा पाहिला. मी विचारतो, बिनकागदाचं विमान कोण विकत घेतो? नव्या मालकाकडं ते वर्षानुवर्षं उडालं. बेकायदा काही नव्हतं, धोक्याचं काही नव्हतं. धोका होता तो माझ्या ड्रमात, आणि तो अप्पांनी जमिनीवरच अडवला. आता ज्याला बोलायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन बोलावं.

परवा उदगीरला अप्पांच्या घरी गेलो. सूनबाईंनी पाणी दिलं, नेमकं त्याच ग्लासात. मी तो खिडकीच्या उजेडासमोर धरून बसलो.

"काका, धुतलेला हाय ग्लास," त्या जरा दुखावून म्हणाल्या.

"हाव, माहीत हाय," मी म्हणालो. "पण ह्यात पाणी दिसलं की अप्पा काय करायचे, ते आधी ऐका."