कवटीपुढचं गाऱ्हाणं

लालबागच्या एका गिरणीत ब्लीच खात्याच्या तेजाबकोठीवर लाल पाटी होती: कवटी आणि खाली फुलीसारखी दोन हाडं. पाटी लावणाऱ्याची अपेक्षा, माणसाने ती पाहून दचकावं. खातं निम्मं मालवणकडचं. त्यांनी पाहून हात जोडले. राखणदार नाही अशी जागाच त्यांच्या मुलखात नव्हती. साहेबाने आपणहून त्याची तसबीर टांगली, याचं त्यांना कौतुक वाटलं. दर अमावास्येला पाटीखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने साकडं, घातलं जाई. रबरी हातमोजे आणि चष्मे कपाटात विश्रांती घेत.

गाऱ्हाणं घालायचा मान कोठीवरच्या भिवा परबचा. आवाज असा की यंत्रं चालू असतानाही ऐकू आलं नाही म्हणायला देवाला जागा नसे. भिवाचा राखणदारावर विश्वास होता. मोज्यांवर थोडा जास्त. कवटी शेवट काय होईल तेवढं सांगते, त्याआधी डोळे आणि हात कसे जातात ते सांगत नाही, हे त्याने पाहिलेलं होतं.

अशात त्याच्या धाकट्या बहिणीचा, शांताचा नवरा गणपत कोठीत बदलून आला. आल्या आल्या त्याने उघड्या हातांनी तेजाबाची बरणी कवेत घेतली.

“गणपत, मोजे!”

“कशाक, भिवादा? परवाच नारळ दिलो ना? देव झोपलो काय?”

“देव जागो आसा. तेजाब तेचो भगत नाय.”

सगळे हसले. मोजे कपाटातच राहिले.

त्या संध्याकाळी भिवाला जेवण वाढताना शांता म्हणाली, “दादा, ह्यांका सांभाळ. माझा कुंकू तुझ्या कोठीत आसा.” गिरणीत भिवाचं समजावून झालं होतं: पाण्यात तेजाब बारीक धारेने सोडा, तेजाबात पाणी ओतलंत तर उसळून तोंडावर येईल. मंडळी मान डोलवत. मान डोलवायला मोजे लागत नाहीत.

ते सत्तावन्न साल. सारं लालबाग मुंबईसाठी रस्त्यावर उतरत होतं. अमावास्येला भिवाने नारळ ठेवला आणि सूर लावला.

“बा देवा म्हाराजा! ही आमची मुंबय म्हाराष्ट्राक मिळांदे!”

“व्हय म्हाराजा!” छप्पर हललं.

भिवाने श्वाससुद्धा घेतला नाही. “तसोच जो कोण मोजे नि चष्मो घातल्याशिवाय बरणीक हात लायत, तेची राखण तू करू नको!”

“व्हय म्हाराजा!”

“तेजाबात जो कोण पाणी ओतीत, तेका दाराभायर घाल!”

“व्हय म्हा…” आवाज जरा बसला.

गणपत कुरकुरला, “भिवादा, ह्या काय मधीच घातलंस?”

“मी मागितलंय. व्हय कोणी म्हटलान?”

देवासमोरचा होकार मागे घेण्याची सोय मालवणात नाही. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं.

आठवड्याभराने बरणी कलंडवताना गणपतचा हात निसटला. फवारा चष्म्यावर आणि मोज्यांवर आला, थोडा गालावर. भिवाने त्याला मानगुटीला धरून नळाखाली घातलं.

“राखणदारान राखलान, भिवादा!” पाण्यातून गणपत ओरडला.

“राखलान. डोळे उघड. बोटां किती?”

“हीच तुझी घाणेरडी बोटां बघूक देवान डोळे ठेवलान काय?”

डोळे शाबूत होते, जीभही. भिवाने त्याचं डोकं आणखी बराच वेळ नळाखाली दाबून धरलं.