बिननिवत्याचा मंडप

चुलीमागची भिंत हातभर फुगली असताना आणि वरून मातीची ढेकळे ताटात पडत असताना माणूस घर सोडायला कशाच्या बळावर नकार देतो? या प्रश्नाला उत्तर नाही. घनश्यामलाही ते सापडले नव्हते. पण त्याला उत्तराशी कर्तव्य नव्हते, दुर्गाबाईंशी होते.

घनश्याम राजेगावचा मंडपवाला. २०२२च्या हिवाळ्यात हट्टा गावापलीकडच्या एका वस्तीत जमीन हलली आणि मातीच्या घरांना तडे गेले. पाहणीला आलेल्या साहेबांनी भिंतींचे फोटो काढले, जणू भिंतींनाच धीर हवा होता, आणि ते परतले. घनश्यामने मात्र ट्रॅक्टरभर बांबू, कनाती आणि गाद्या आणल्या. सपाट म्हणून महागूंचे शेत निवडले आणि हाताला लागलेल्या सवयीने तोंडाशी ‘शुभ विवाह’ची कमानही उभारली. संध्याकाळपर्यंत सारी वस्ती आत आली, दुर्गाबाई सोडून.

महागू त्यांचे चुलत दीर. मुलाच्या लग्नात त्यांनी भाऊबंदांच्या दारोदारी हळदीचे पिवळे तांदूळ ठेवून निवता दिला होता. दुर्गाबाईंचा उंबरठा तेवढा वगळला होता. त्याच माणसाच्या मंडपात बिनआमंत्रणाचे जाणे दुर्गाबाईंच्या लेखी भिंतीखाली सापडण्याहून वाईट होते. सकाळी घनश्यामने गुपचूप तांदूळ हळदीत घोळवले आणि महागूंच्या वतीने त्यांच्यापुढे नेऊन ठेवले.

“तांदूळ त्याचे, अन् हात तुहा काहून?” दुर्गाबाईंनी विचारले आणि ते कोंबड्यांना टाकून दिले.

घनश्याम महागूंकडे गेला. माणुसकीचा विषय त्याने काढलाच नाही. तो माल तिथे खपणारा नव्हता. महागू साठी ओलांडूनही केस नियमाने काळे करत आणि जाता-येता ट्रॅक्टरच्या आरशात ते न्याहाळत.

“काकाजी, बुढी भिंतीखाली गेली त भाऊबंद म्हणून टक्कल तुमालेच करा लागन,” तो म्हणाला.

महागूंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. थोड्या वेळाने तोच हात मूठभर पिवळे तांदूळ घेऊन दुर्गाबाईंच्या उंबरठ्यावर आला.

“वयनी, मंडपात या.”

“हौ. लुगडं बदलू दे.”

निवत्याला रोजच्या लुगड्यात जाणे बरे दिसत नाही, म्हणून त्या पुन्हा त्याच भिंतीखाली गेल्या. बाहेर घनश्याम आठवतील तेवढ्या देवांना नवस बोलला. हे देव फेडीच्या वेळी आठवणार नाहीत याची त्याला खात्री होती. दुर्गाबाई जरीच्या काठाचे नेसून, केसांना तेल लावून, सावकाश बाहेर आल्या.

दुपारी पुन्हा हादरा बसला आणि भिंत त्यांच्या बाजेवर आडवी झाली. धुरळा खाली बसेपर्यंत पंगतीतल्यांनी ताटांवर हात धरले. मग वरण पातळ असल्याचे दुर्गाबाईंनी महागूंना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे नोंदवले.

एप्रिल २०२५मध्ये दुर्गाबाईंच्या नव्या पक्क्या घराचा गृहप्रवेश झाला. महागूंना निवता गेला, सगळ्यांत शेवटी.