पाव बार रक्तदाब

आमच्या भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, जगात काहीही फुगलेलं, भरलेलं किंवा उकळत असलेलं दिसलं की त्यात दाब किती आहे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते दाबाची गेज तपासतात. तिथली यंत्रं चहूकडून गोळा केलेली, त्यामुळे एकाची तबकडी बारमध्ये बोलते, दुसऱ्याची किलोपास्कलमध्ये, तिसऱ्याची मेगापास्कलमध्ये. शंभर किलोपास्कल म्हणजे एक बार, दहा बार म्हणजे एक मेगापास्कल. शून्यं इकडची तिकडे सरकवायची, एवढंच. पण भावोजी ते डोळे मिटून, कपाळाला बोट लावून असं सांगतात की समोरच्याला वाटावं, आता हे पाऊसच पाडणार.

घरातही सुटका नव्हती. ताईनं कुकर लावला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "एक बार झाला, गॅस बारीक कर!" मी रुसले की विचारायचे, "मेहुणीबाई आज किती बारवर आहेत?" असं विचारल्यावर माणूस शांत होतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

कारखान्यात मात्र त्यांच्या शब्दाला वजन होतं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. प्रत्येक गेजवर ते स्वतःच्या हातानं लाल रेघ ओढायचे. ते यंत्र किती दाब पेलेल, त्याची ती रेघ. नव्या माणसांना दरडावायचे, "आकडा लहान की मोठा हे मला सांगू नका. रेघ कुठे आहे ते बघा. बॉयलर दहा बार सहज पेलतो, पत्र्याची टाकी अर्ध्या बारात फाटते."

गेल्या वर्षी कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली. ताईही डबा द्यायला तिथे गेली होती. डॉक्टरीणबाईंनी भावोजींच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा पाहून बाईंचा चेहराच बदलला. "वरचा एकशे ऐंशी, खालचा एकशे दहा. गोळी आजच सुरू करा, नाहीतर मेंदूवर जाईल."

"एकशे ऐंशी काय?" भावोजींनी विचारलं.

"पाऱ्याचे मिलिमीटर."

झालं! डोळे मिटले, बोट कपाळाला गेलं. "साडेसातशे मिलिमीटर पारा म्हणजे एक बार. अहो बाई, हा तर पाव बारसुद्धा नाही! गाडीच्या टायरात याच्या नऊपट असतो."

गोळ्या आणल्या, पण त्या जुन्या बॅटऱ्या आणि तुटक्या चाव्यांच्या खणात जाऊन पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "भावोजी, तुम्ही टायर आहात का?" मी विचारलं. ते प्रेमानं हसले. अडाण्याला आणखी काय उत्तर द्यायचं! ताईकडे पाहिलं, तर ती म्हणाली, "अगं, यांचं गणित कधी चुकलंय का?"

नव्हतंच चुकलं. अगदी बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी मनातून पार घाबरले होते. पुढे कधी डोकं ठणकलं, कधी डोळ्यांपुढे अंधारी आली, की भावोजी स्वतःच औषधाच्या दुकानात जाऊन दाब मोजून घेत, त्याला साडेसातशेनं भागत आणि बरे होऊन घरी येत.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला आरसा खाली पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत.

दवाखान्यात पोचायला उशीर झाला नाही, म्हणून वाचले. डावा हात लुळा पडला, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत होतं. मी भेटायला गेले तेव्हा चार खोचक वाक्यं घरूनच तयार करून नेली होती. त्यांचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि एकही आठवेना.

नर्सनं पट्टा गुंडाळला, फुगवला आणि म्हणाली, "वरचा एकशे पन्नास. उतरतोय हळूहळू."

भावोजींनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट कपाळाला लागलं. ओठ हलले, पुन्हा हलले, पण शब्द काही बाहेर येईना. मिटल्या डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

"पॉइंट दोन बार," ताई म्हणाली.

नर्सनं ताईकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू हिलाही आता झोपेची गरज आहे. मी तर बघतच राहिले. आयुष्यभर दुकानदार देईल ती मोड न मोजता घेणारी माझी ताई!

"तुला कसं येतं हे?"

"वर्षभर तेच करतेय गं. आकडा ऐकला की धास्ती वाटायची. भागून लहान केला की जरा बरं वाटायचं."

भावोजींनी डोळे उघडले. ताईकडे बघत, सगळा जोर लावून त्यांनी एकच शब्द बाहेर काढला. "रे...घ?"

नर्सला काही कळलं नाही. ताईला कळलं.

"एकशे चाळीसला," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंकडून तपासणीच्या दिवशीच विचारून घेतली होती मी. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते."

तिनं त्यांची मान उचलून धरली आणि गोळी तोंडात ठेवली. भावोजींनी मुकाट्यानं गिळली.