बिनअंड्याचा केक

नातवाच्या वाढदिवसाला बिनअंड्याच्या केकचं खोकं उघडलं, की व्हॅनिलाखालून दह्याचा आंबूस वास येतो आणि मी थेट नेरडीगोंड्याला सासरी झालेल्या माझ्या डोहाळेजेवणात जाऊन बसते. साल सत्त्याऐंशी, सातवा महिना.

त्याच आठवड्यात आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "बाळाचं वजन वाढत नाही. रोज दोन अंडी खा. इतकी चांगली प्रथिनं इतक्या स्वस्तात मिळायची नाहीत." आमच्याकडे अंडं हा शब्दसुद्धा अंगणातच थांबायचा.

सासूबाईंनी मासिकात वाचून, तापल्या वाळूवर पातेलं ठेवून दही-सोड्याचा केक केला होता. तो छान फुगला. "अंड्याबिगर केक होते, तं लेकरू काऊन नाई होनार?" असं त्या प्रत्येकीला ऐकवत होत्या.

फुलांच्या दागिन्यांनी जखडून मला पाटावर बसवलं होतं, भोवती बायकांचं कडं. चुलतसासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "बोल वं, काय खावंसं वाटते तुले? पोटुशीची इच्छा कोनी मोडत नाई."

एवढं भक्कम आश्वासन ऐकून मी बोलून गेले, "उकडलेलं अंडं."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मग सासूबाई मोठ्यानं हसल्या, "मस्करी करून राह्यली आमची सून!" मागोमाग सगळ्याच हसल्या. 'नाही, खरंच' म्हणायला मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी त्यात केकचा तुकडा भरवला. भरवताना त्या चोरून भोवतीच्या बायकांकडे बघत होत्या, हे आता आठवतं. तेव्हा फक्त केक दिसला.

भूक होतीच. मी गिळला.

"पुरली बाप्पा हौस," कुणीतरी म्हणालं, आणि ओटी भरायला सुरुवात झाली.