आण्णांची सिमेंटची भिंत

आमच्या गल्लीत पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतींना उसाच्या पाचटाच्या ताट्या बांधतात. भिंती मातीच्या, तिरक्या पावसात विरघळायच्या. चार महिने सगळी गल्ली घोंगडं पांघरून बसल्यासारखी दिसते. दिसू दे की. भिंती तर उभ्या राहतात.

शेजारच्या आण्णा शिंत्र्यांना मात्र ते दिसणंच सोसेना. आण्णा कचेरीत कारकून. संस्थान विलीन झालं, साहेब मुंबईहून यायला लागले, तेव्हापासून आण्णा घरात शिंकायचं झालं तरी कोट घालतात. मला म्हणाले, "साहेब चहाला आले आणि भिंतीला पाचट बघितलं, तर घराला गोठा म्हणतील."

"साहेब येणार हाईत?"

"आले तर!"

झालं. त्या न आलेल्या साहेबांसाठी आण्णांनी परमिटासाठी खेटे घालून सिमेंट मिळवलं आणि स्वैपाकघराच्या मातीच्या भिंतीला बाहेरून गिलावा केला. जोत्यालगत पाणी वाहून जायचा चर होता. तो बरा दिसत नाही म्हणून बुजवला आणि वर जाई लावली.

कसबा बावड्याचा बाळासो दरसाल गाडीभर पाचट आणायचा. त्यानं भिंत बघून डोकं खाजवलं. "आण्णा, मातीला सिमेट धरत न्हाय. वळचणीतनं पाणी आत शिरलं, तर भाईर यायला वाट कुठनं?"

"तू ऊस बघ, बाळासो. बांधकाम मी बघतो."

गाडी तशीच परत गेली. मग आषाढात वीस दिवस झड लागली. येईल त्याला आण्णा भिंतीजवळ नेत आणि बोटानं टकटक करत. "ऐका कशी वाजते! दगड झालाय, दगड!"

मी ऐकलं. रिकामा माठ वाजावा तशी वाजत होती. सिमेंट मातीला सोडून एकटंच उभं होतं. मी सांगायला हवं होतं, मान्य. पण एवढी करमणूक दारात चालली असताना माणूस तोंड कशाला उघडेल? "आण्णा, अजून एकदा वाजवा की," एवढंच म्हणालो.

त्यांच्या बायकोला, बयाबाईंना, आतली बाजू दिसत होती. "अवं, भिंतीला पोट आलंय. तुळईचं टोक हिच्यावरच हाय. ही बसली तर आढ्यासकट घर खाली येईल."

"तुला उगीच भास होतात."

बयाबाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आण्णांचा पाट त्याच भिंतीला लावून मांडला. मी वाटीभर आमटी मागायला गेलतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

"बसा की टेकून. भास कुणाला लागत न्हाय."

आण्णा बसले, पण टेकले नाहीत. पहिला घास मान वाकडी करून भिंतीकडे बघत गिळला. दुसरा तोंडाशी नेला, तोच ओल्या मातीचं ढेकूळ सुटून थेट झुणक्यात पडलं. आण्णा उठले. हात न धुताच सायकल काढली आणि भर पावसात बावडा गाठला.

बाळासो पाचटाची गाडी घेऊन आला. त्यानं आधी तुळईखाली टेकू दिले, मग पहार घातली. गिलावा पापडासारखा सबंध सुटून पडला. आत मातीचा शिरा झालेला. जाई उपटून चर उकरला, तेव्हा जोत्यात तुंबलेलं पाणी खळाळत गल्लीत आलं. कोट घातलेले आण्णा डोक्यावरून पाचटाचे भारे वाहत होते. बघायला सगळी गल्ली जमली. म्हणजे मीच जमवली.

भिंत पोटासकट राहिली उभी. बयाबाई आठवडाभर माजघरात शेगडीवर रांधत होत्या. रोज भिंतीला तळवा लावून ओल बघायच्या. ओल हटली तेव्हा त्यांनी स्वैपाकघरातली चूल पेटवली.

आण्णा हल्ली दिवसातून चारदा ताटीपाशी उभे दिसतात.

"काय आण्णा?"

"काही नाही, हवा खातोय," म्हणतात, आणि माझी पाठ वळली की ताटीच्या सुंभाची गाठ आवळतात.